छपरातील उजेड : ॲक्रिलिक की पॉलिकार्बोनेट?

कोकणातील जुन्या कौलारू घरांत स्वयंपाकघरावर किंवा माजघरावर एखाददुसरे काचेचे कौल बसविलेले असे. त्या कौलातून उतरणारा कवडसा चुलीपाशी काम करणाऱ्या गृहिणीला पुरेसा होई, आणि दिवस किती वर आला हेही त्यावरूनच कळे. असे कौल बसविणाऱ्या सुताराला छपराचे एक तत्त्व पक्के ठाऊक होते. ऊन, पाऊस व वारा अडविणे हे छपराचे पहिले काम होय. उजेड देणे हे त्याचे दुय्यम काम आहे, आणि तो उजेड बेतानेच घ्यावयाचा असतो.

आज खेडोपाडी गोठे, कोंबडीघरे, शेतमाल ठेवण्याच्या शेडी व घरापुढील पडव्या यांवर लोखंडी पत्रा आला आहे. पत्रा लवकर चढतो, टिकतो व नीट बसविल्यास गळत नाही. परंतु त्याच्याखाली अंधार असतो. अंधाऱ्या गोठ्यात धार काढताना कासेला सूज आहे की नाही ते दिसत नाही, अंगावरचा गोचीड दिसत नाही आणि गव्हाणीत बुरशी धरलेला कडबा पडला तर तोही दिसत नाही. भर दुपारी दिवा लावावा लागतो, आणि वीज नसली की तेवढेही साधत नाही. यास्तव छपरात मधूनमधून पारदर्शक प्लॅस्टिकचा पत्रा घालण्याची पद्धत पडली, हे योग्यच झाले.

मात्र हा पत्रा निवडताना जी चौकशी व्हावयास हवी ती सहसा होत नाही. दुकानात पत्रा उन्हाकडे धरून पाहावा, जो अधिक स्वच्छ दिसेल किंवा जो स्वस्त असेल तो उचलावा, आणि लोखंडी पत्रा बसविणाऱ्या कारागिराकडूनच तो त्याच रीतीने ठोकून घ्यावा, असा क्रम सर्रास आढळतो. दोन-चार वर्षांत पत्रा तडकतो, पिवळा पडतो किंवा वाऱ्याने उडतो, आणि मग ‘प्लॅस्टिक ते प्लॅस्टिकच’ असा निष्कर्ष काढला जातो. दोष पुष्कळदा प्लॅस्टिकचा नसतो, तो निवडीचा व बसविण्याचा असतो. ॲक्रिलिक घ्यावे की पॉलिकार्बोनेट, या प्रश्नाला सर्व छपरांना लागू पडेल असे एकच उत्तर नाही. छपरावर काय आदळते आणि छपराखालून काय वर येते, या दोन गोष्टी पाहूनच त्याचे उत्तर द्यावयास हवे.

दोन पदार्थांची ओळख

ॲक्रिलिक हा या दोहोंतील वडील पदार्थ होय. १९३० नंतरच्या दशकात जर्मनी व इंग्लंड येथे त्याचे उत्पादन सुरू झाले आणि दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या खिडक्यांसाठी त्याचा मोठा उपयोग झाला. त्यातून सुमारे ९२ टक्के उजेड आरपार जातो, म्हणजे स्वच्छतेत ते काचेच्या तोडीचे आहे. उन्हातील अतिनील किरणांचा त्याच्यावर फारसा परिणाम होत नाही. चांगल्या प्रतीचे ॲक्रिलिक उन्हात वर्षानुवर्षे राहूनही पिवळे पडत नाही. त्याचा पृष्ठभाग पॉलिकार्बोनेटपेक्षा कठीण असल्याने त्यावर ओरखडेही कमी उठतात.

पॉलिकार्बोनेटचा शोध १९५३ साली जर्मनीत व अमेरिकेत जवळजवळ एकाच वेळी स्वतंत्रपणे लागला. स्वच्छतेत ते किंचित कमी आहे. पातळ सपाट पत्र्यातून सुमारे ८८ टक्के उजेड जातो. त्याचे वजनही ॲक्रिलिकइतकेच, म्हणजे सारख्या जाडीच्या काचेच्या निम्म्याहून कमी असते. परंतु त्याचा चिवटपणा विलक्षण आहे. उत्पादक जे आकडे देतात त्यांप्रमाणे सारख्या जाडीच्या काचेपेक्षा ॲक्रिलिक दहापटींहून अधिक आघात सोसते, तर पॉलिकार्बोनेट सुमारे २५० पट. उष्णतेतही पॉलिकार्बोनेट पुढे आहे. ॲक्रिलिक सुमारे १०० अंश सेल्सिअसला मऊ पडते, पॉलिकार्बोनेट त्यासाठी १४५ अंशांच्या पुढे जावे लागते.

बाजारात पॉलिकार्बोनेट तीन रूपांत मिळते : सपाट भरीव पत्रा, लोखंडी पत्र्याच्या घडणीशी जुळणारा पन्हळी पत्रा, आणि आतून पोकळ नळ्या असलेला दुपदरी पत्रा. याखेरीज काचतंतू घालून केलेले जाडसर पत्रे व पीव्हीसीचे पत्रेही ‘फायबर’ या एकाच नावाखाली विकले जातात. ते निराळे पदार्थ आहेत, आणि पॉलिकार्बोनेटविषयी येथे जे सांगितले आहे ते त्यांना लागू नाही.

छपरावर काय आदळते?

शहरातील दुकानाची पाटी आणि खेड्यातील छप्पर यांचे जीवन सारखे नाही. पाटीवर ऊन व पाऊस एवढेच पडते. खेड्यातील छपरावर गारा पडतात, नारळ व झावळ्या पडतात, वानरांचे कळप उड्या मारतात, आणि वर्षातून एकदोनदा पाने काढावयास किंवा पत्रा आवळावयास माणूसही चढतो.

फेब्रुवारी-मार्च २०१४ मध्ये मराठवाडा, विदर्भ व लगतच्या जिल्ह्यांत जी गारपीट झाली तिने उभी पिके व फळबागा झोडपून काढल्या. ती आठवण अद्याप ताजी आहे. अशा गारांपुढे दुकानात मिळणारे साधे ॲक्रिलिक टिकेल असा भरवसा देता येत नाही. ते काचेसारखे बारीक तुकडे होऊन उडत नाही हे खरे, पण त्याला तडा जातो, व एकदा गेलेला तडा उन्हातान्हात वाढत जाऊन पत्रा दुभंगतो. पुष्कळदा पहिला तडा गारेमुळे जातही नाही. छिद्र पाडताना घाई केली किंवा स्क्रू जास्त आवळला की तो छिद्रापाशी आधीच पडलेला असतो, आणि गार केवळ निमित्त होते.

पॉलिकार्बोनेट अशा माऱ्याखाली वाकते, फार तर त्याला पोचा येतो, परंतु चांगल्या स्थितीतील पत्रा सहसा फुटत नाही. सबब उघड्यावरील छपरासाठी, विशेषतः गारपिटीच्या पट्ट्यात, नारळी-पोफळीच्या बागेत आणि वानरांचा उपद्रव असलेल्या गावात, पॉलिकार्बोनेटचीच निवड करणे हितावह आहे.

आगीच्या दृष्टीनेही हाच निर्णय योग्य ठरतो. ॲक्रिलिक एकदा पेटले की जळत राहते व त्याचे पेटते थेंब खाली गळतात. पॉलिकार्बोनेट सहजी पेट घेत नाही आणि ज्वाळा दूर झाल्यावर बहुधा विझते. ज्या गोठ्याच्या माळ्यावर कडबा रचलेला असतो किंवा ज्याला लागून गंजी असते, तेथे हा फरक लहान मानता येणार नाही.

छपराखालून काय वर येते?

येथवर पाहिले असता पॉलिकार्बोनेट सर्वश्रेष्ठ वाटेल. दुकानदारही ते ‘न फुटणारे, कायमचे’ म्हणूनच विकतो. परंतु त्याला तीन शत्रू आहेत व तिन्ही शेतकऱ्याच्या दारातच राहतात.

पहिला शत्रू ऊन होय. उघडे पॉलिकार्बोनेट अतिनील किरणांनी पिवळे पडते, मग ठिसूळ होते, आणि ज्या चिवटपणासाठी ते घेतले तो चिवटपणाच नाहीसा होतो. म्हणून चांगल्या पत्र्याच्या एका बाजूस अतिनील किरण शोषून घेणारा पातळ थर उत्पादनाच्या वेळीच चढविलेला असतो. हा थर केसापेक्षाही पातळ असतो व डोळ्यांना दिसत नाही. तो असेल आणि आकाशाकडे असेल तर पत्रा दहा वर्षे व अधिक टिकू शकतो. तो नसेल, किंवा पत्रा उलटा बसला असेल, तर थोड्याच उन्हाळ्यांत पत्र्याचे मातेरे होते.

दुसरा शत्रू अमोनिया होय. जनावराच्या मूत्रातील युरियाचे शेणातील जंतूंमुळे विघटन होऊन अमोनिया वायू सुटतो. कोंबडीघरातील ओलसर तुसातून तर तो डोळे चुरचुरण्याइतका येतो. हा वायू हवेपेक्षा हलका असल्याने वर चढतो. रात्री थंड झालेल्या पत्र्याच्या आतल्या अंगावर दव जमते व त्यात तो विरघळतो. हे क्षारयुक्त पाणी पॉलिकार्बोनेटला हळूहळू खाते. ॲक्रिलिक मात्र अमोनियाला चांगली दाद देत नाही. जर्मनीसारख्या देशांत पशुगृहांच्या छपरांसाठी आघात सोसेल असे मुद्दाम बनविलेले ॲक्रिलिकचे पन्हळी पत्रे वापरतात, त्याचे एक कारण हेच आहे. आपल्याकडील गोठा बहुधा चारी बाजूंनी मोकळा असतो, वारा खेळत असतो आणि शेण रोज उचलले जाते, म्हणून हा धोका कमी होतो. परंतु ज्या गोठ्याला थंडीसाठी चहूकडून पडदे लावलेले असतात, किंवा ज्या कोंबडीघरात तूस महिनोन्‌महिने तसेच राहते, तेथे पॉलिकार्बोनेट लवकर खराब झाल्यास नवल वाटू नये. तेथे पत्र्याची चौकशी करण्यापूर्वी आढ्यापाशी हवा बाहेर पडण्यास वाट ठेवावी. ज्या हवेत पत्रा खराब होतो ती हवा जनावरांच्या व कोंबड्यांच्या फुप्फुसांनाही हितकारक नसते.

तिसरा शत्रू चुना होय. उन्हाळ्यात शेड थंड राहावी म्हणून छपरावर चुना मारण्याची चाल आहे. लोखंडी व सिमेंटच्या पत्र्यांना ती उपयुक्तच आहे. तोच कुंचला शेजारच्या पॉलिकार्बोनेटवरही फिरविला जातो, हे मात्र घातक होय. भिजवलेला चुना तीव्र क्षारधर्मी असतो व तो पॉलिकार्बोनेटच्या वरच्या थरालाच अपाय करतो. ओल्या सिमेंटचे शिंतोडे, रॉकेल, पेट्रोल व रंगाचे थिनर हीही याच यादीत येतात. त्यांनी पत्र्यावर बारीक भेगांचे जाळे उमटते. पत्रा धुवावयाचा तो साध्या पाण्याने व सौम्य साबणाने, मऊ फडक्याने. खराटा वापरू नये. उन्हाळ्यात सावली हवी असल्यास पत्र्यापासून वीतभर अंतर राखून शेडनेटची जाळी बांधावी.

उजेडाबरोबर ऊनही येते

ॲक्रिलिक की पॉलिकार्बोनेट या वादात एक महत्त्वाची गोष्ट मागे पडते. पारदर्शक पत्रा कोणताही असो, त्यातून उजेडाबरोबर उष्णता येणारच. निरभ्र आकाश असता उन्हाळ्यातील दुपारी एक चौरस मीटर छपरावर सुमारे १००० वॅट इतकी सूर्याची शक्ती पडते. स्वच्छ पारदर्शक पत्रा तिच्यातील सुमारे ८०० वॅट आत सोडतो. म्हणजे एक मीटर रुंद व तीन मीटर लांब असा एकच पत्रा घातला, तर भर दुपारी गोठ्यात २४०० वॅटची शेगडी पेटवून ठेवल्यासारखे होते. असे चार पत्रे घालणारा शेतकरी मग जनावरांसाठी पंखे आणतो.

म्हशीची कातडी काळी असते व तिच्यात घर्मग्रंथी थोड्या असतात, त्यामुळे ती उन्हाने फार लवकर त्रासते. संकरित गाईंनाही देशी गाईइतका उन्हाळा सोसत नाही. तापलेले जनावर धापा टाकते, चारा कमी खाते, आणि दुधाचे माप उतरते. गोठ्यावर किंवा पडवीवर संपूर्ण पारदर्शक छप्पर घालण्याची जी हौस अलीकडे दिसते ती या दृष्टीने चुकीची आहे, असे स्पष्टपणे म्हणणे भाग आहे. ज्या छपराखाली जनावर बांधावयाचे, त्याचा साधारणपणे दहावा हिस्साच पारदर्शक असावा. विदर्भ-मराठवाड्यातील कडक उन्हाळ्यात त्याहून कमी असला तरी चालेल. हे पत्रे गव्हाणीवर किंवा जनावर उभे राहते त्या जागेवर नसावेत. ते मधल्या वाटेवर, शक्य तर छपराच्या उत्तरेकडील उतारावर घालावेत. आणि स्वच्छ पत्र्याऐवजी दुधी रंगाचा पत्रा घ्यावा. त्यातून ऊन कमी येते व जो उजेड येतो तो पसरून येतो, त्यामुळे कवडशाची तिरीप कोठेही पडत नाही. काचेचे कौल एकच असे, त्यातील शहाणपण हेच होते.

कोठे काय वापरावे?

मोकळ्या गोठ्यासाठी अतिनील थर असलेला, दुधी, पन्हळी पॉलिकार्बोनेट पत्रा योग्य होय. त्याची घडण शेजारच्या लोखंडी पत्र्याशी तंतोतंत जुळते आहे हे आधी पाहून घ्यावे, नाही तर जोडातून पाणी येते.

बंदिस्त कोंबडीघरात छपरातून उजेड घेण्याऐवजी बाजूच्या जाळीतून घेणे अधिक चांगले. घ्यावयाचाच असेल तर आढ्याला हवेची वाट ठेवून मगच घ्यावा.

मिरची, आवळा, आमसूल, हळद अशा पदार्थांच्या सौर वाळवणीसाठी पॉलिकार्बोनेटच श्रेयस्कर आहे. वाळवण यंत्राच्या आत ६० अंशांच्या आसपास उष्णता सहज जाते व वरचा पत्रा त्याहून तापू शकतो. अशा वेळी ॲक्रिलिक स्वतःच्या वजनाने झोल धरण्याची भीती असते. दुपदरी पत्र्याच्या पोकळीतील हवेमुळे आतील ऊब टिकून राहते, हा आणखी एक लाभ होय.

रोपवाटिकेच्या बाबतीत थोडे थांबून विचार करावा. कायमस्वरूपी कलमगृहाला किंवा तुषारगृहाला पॉलिकार्बोनेट शोभते. परंतु साध्या हरितगृहासाठी २०० मायक्रॉन जाडीचा अतिनील-प्रतिरोधक प्लॅस्टिक कागद पुष्कळ कमी खर्चात तेच काम करतो. तो काही वर्षांनी बदलावा लागतो, तथापि तरुण शेतकऱ्याने पहिलेच कर्ज महागड्या छपरात गुंतवू नये.

मग ॲक्रिलिकला जागा नाहीच काय? आहे. जेथे आघाताचे भय नाही व स्वच्छता फार दिवस टिकावयास हवी, तेथे ते उत्तमच आहे. शेतमाल विक्री केंद्राच्या भिंतीतील खिडकी, मधमाश्यांची निरीक्षण पेटी, दाण्यांचे व किडींचे नमुने ठेवण्याची पेटी, शाळेतील प्रदर्शनाची झाकणे ही त्याची खरी ठिकाणे होत. साधे ॲक्रिलिक उघड्या छपरावर चढवू नये, एवढेच सांगणे आहे.

बसविताना घ्यावयाची काळजी

चांगला पत्रा आणून तो वाईट रीतीने बसविणे म्हणजे निवडक बियाणे खडकावर पेरणे होय. पुढील गोष्टी कारागिराला काम सुरू करण्यापूर्वीच सांगाव्यात.

१. अतिनील थराची बाजू संरक्षक कागदावर छापलेली असते. ती बाजू आकाशाकडेच यावी. कागद काढण्यापूर्वी पत्र्याच्या कोपऱ्यावर पेन्सिलीने खूण करावी. पत्रा बसताच कागद काढून टाकावा, कारण उन्हात राहिल्यास तो चिकटून बसतो.

२. प्लॅस्टिक उष्णतेने लोखंडाच्या पाच-सहापट प्रसरण पावते. तीन मीटर लांबीचा पत्रा हिवाळ्यातील पहाटेपासून वैशाखातील दुपारपर्यंत ५० अंशांनी तापला, तर तो सुमारे १० मिलिमीटर वाढतो. त्याला वाढावयास जागा नसेल तर तो फुगतो किंवा छिद्रापाशी तडकतो. म्हणून छिद्र स्क्रूपेक्षा निदान ३ ते ४ मिलिमीटर मोठे असावे व लांब पत्र्याच्या टोकांकडील छिद्रे लांबट पाडावीत. खिळा ठोकून छिद्र पाडणे तर सर्वथा वर्ज्य होय.

३. स्क्रूखाली रुंद वायसर व हवामान सोसणाऱ्या रबराची चकती घालावी. मऊ पीव्हीसीची चकती वापरू नये, तिच्यातील तेलकट द्रव्याने पॉलिकार्बोनेटला भेगा पडतात. स्क्रू चकती टेकेपर्यंतच आवळावा, ती चेपून बाहेर येईपर्यंत आवळू नये. सांध्यात सिलिकॉन भरावयाचे असल्यास शिरक्याचा वास येणारे घेऊ नये. ‘न्यूट्रल’ असे लिहिलेले घ्यावे.

४. दुपदरी पत्र्याच्या नळ्या नेहमी उताराच्या दिशेने याव्यात, म्हणजे आत जमलेले पाणी खाली निघून जाते. नळ्यांची वरची तोंडे ॲल्युमिनियमच्या पट्टीने पूर्ण बंद करावीत आणि खालची तोंडे पाणी बाहेर जाऊ देणाऱ्या सच्छिद्र पट्टीने झाकावीत. तोंडे उघडी राहिल्यास आत धूळ, मुंग्या व शेवाळ यांचे राज्य होते.

५. ज्या लोखंडी पाइपांवर पत्रा टेकतो त्यांची वरची बाजू पांढऱ्या रंगाने रंगवावी व रंग पूर्ण वाळल्यावरच पत्रा चढवावा. काळा पाइप उन्हाने तापून पत्र्याला नेमका तेथेच पट्टा पाडतो.

६. प्लॅस्टिकचा पत्रा हलका असतो हा बसविताना गुण वाटतो, वाऱ्यात मात्र तो दोष ठरतो. २ मिलिमीटर जाडीच्या भरीव पत्र्याचे वजन चौरस मीटरला सुमारे २.४ किलो, तर ६ मिलिमीटरच्या दुपदरी पत्र्याचे केवळ १.३ किलो भरते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगड किनाऱ्यावर आले तेव्हा वारा छप्पर कसे उचलतो ते कोकणाने पाहिले. म्हणून आडव्या पाइपांतील अंतर उत्पादकाच्या तक्त्याप्रमाणेच ठेवावे, आणि वळचणीच्या व आढ्याच्या ओळींत स्क्रूंची संख्या वाढवावी.

दुकानात करावयाची पारख

दोन्ही पत्रे दिसण्यात सारखे असले तरी ओळखणे कठीण नाही. दुकानदाराकडून बोटभर रुंदीचा तुकडा मागून घ्यावा व वाकवावा. ॲक्रिलिक थोडे वाकून कडकन मोडते. पॉलिकार्बोनेट घडी पडेपर्यंत वाकते, पण मोडत नाही. तुकड्याची कडा पाहिली असता ॲक्रिलिकची चकाकते, पॉलिकार्बोनेटची करडी दिसते. अतिनील थर मात्र अशा कोणत्याही युक्तीने ओळखता येत नाही, तो कागदावरच पाहावा लागतो. म्हणून पक्के बिल घ्यावे व त्यावर पदार्थाचे नाव, जाडी, अतिनील थर एका बाजूस की दोन्ही बाजूंस, आणि हमीची वर्षे ही चारही लिहून घ्यावीत. जो दुकानदार एवढे लिहून देण्यास कां-कूं करतो त्याचा पत्रा कितीही स्वस्त असला तरी महागच पडेल.

पत्र्यावर पाय ठेवू नये

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. मृगाच्या आधी घरातील कोणी तरुण छपरावरची पाने झाडावयास चढतो. लोखंडी पत्र्यावरून चालण्याची त्याला सवय असते. मधला प्लॅस्टिकचा पत्रा धुळीने व शेवाळाने माखून शेजारच्या पत्र्यासारखाच दिसू लागलेला असतो. त्यावर पाय पडला की ॲक्रिलिक कोणतीही पूर्वसूचना न देता फुटते. दहा-बारा उन्हाळे खाल्लेले पॉलिकार्बोनेटही ठिसूळ झालेले असते, आणि ते ‘न फुटणारे’ आहे हा समज अशा वेळी प्राणघातक ठरतो. खाली गव्हाणीची कड किंवा दगडी फरशी असते. पत्रा नवा आणता येतो, घरातील माणूस परत आणता येत नाही.

तेव्हा प्लॅस्टिकचा पत्रा, मग तो कोणत्याही जातीचा असो, चालण्याची जागा नव्हे, हे घरातील प्रत्येकाला सांगून ठेवावे. चढणे अटळ असल्यास दोन आडव्या पाइपांवर टेकेल अशी रुंद फळी टाकून तीवरूनच जावे, आणि खाली एक माणूस उभा असावा. पारदर्शक पत्र्याच्या दोन्ही बाजूंच्या लोखंडी पत्र्यांवर लाल रंगाचा पट्टा ओढून ठेवल्यास धूळ बसली तरी जागा ओळखू येते. पत्र्याखाली लोखंडी तारांची मजबूत जाळी बांधून घेणे तर सर्वांत उत्तम. पिवळा पडलेला, भेगाळलेला पत्रा ‘गळत तर नाही ना’ म्हणून आणखी एक पावसाळा ठेवू नये.

कार्यकर्त्यांचे काम

गावपातळीवरील कार्यकर्त्यांना बियाणे, खते व औषधे यांविषयी नेहमी विचारले जाते. छपराविषयी त्यांना सहसा कोणी विचारीत नाही, कारण ते काम गवंड्याचे व वेल्डिंगवाल्याचे समजले जाते. परंतु गोठ्याचे छप्पर हाही शेतीच्या भांडवलाचाच भाग आहे. कार्यकर्त्याने एकदा गावातील कारागिरांना एकत्र बोलावून दोन्ही पदार्थांचे तुकडे त्यांच्या हाती द्यावेत, ते वाकवून पाहावयास लावावेत, आणि छिद्र मोठे का पाडावयाचे व पत्र्याची कोणती बाजू वर ठेवावयाची ते समजावून द्यावे. एका दुपारचे हे काम गावातील अनेक छपरांच्या उपयोगी पडेल.

उघड्या छपराला पॉलिकार्बोनेट, तेही अतिनील थराचे व योग्य बाजू वर करून बसविलेले. कोंडलेल्या हवेत आधी वायुवीजन, मग पत्रा. साधे ॲक्रिलिक छपराखाली व भिंतीत, छपरावर नव्हे. आणि उजेड लागेल तेवढाच. शेतकरी बंधूंनी एवढे ध्यानात ठेवले, तर प्लॅस्टिकच्या या नव्या कौलाचा गोठ्याला जुन्या काचेच्या कौलासारखाच दीर्घकाळ उपयोग होईल.